बालाजीचा नवस

जावयाने दिलेल्या डिजिटल डायरीत हेडक्लार्क लक्ष्मीकांतरावांनी आयुष्यभर पुढे ढकललेली कामे भरली. बालाजीचा नवस फेडणे, बायकोला, शरयूला, समुद्र दाखवणे, रिटायर झाल्यावर तिच्याशी निवांत बोलत बसणे. कामे यादीत इतकी टापटीप लागल्यावर ती करायची घाई अशी उरली नाही.

एका रविवारी सकाळी नवसापुढे ‘झाले’ची खूण दिसली. रावांचा पारा चढला. ते तडक देऊळगावच्या बालाजीला गेले.

“बाबूजी, काल तुम्हीच तर पेढे वाटले,” पुजारी म्हणाला. “वहिनीबी होत्या संगं. लय खुश दिसल्या.”

“नवस माझा, बायको माझी, अन् फेडणारा कोण हा उपटसुंभ?” राव देवासमोरच कडाडले.

बाहेर येऊन त्यांनी डायरी उघडली. समुद्रापुढेही खूण होती.

“बुलढाणा जिल्ह्यात समुद्र कुठून आणला यानं?” असे बडबडत ते घरी आले. अंगणात दोरीवर शरयूचे लुगडे वाळत होते. काठातून बारीक वाळू गळत होती.

रिटायरमेंटला अजून अवकाश आहे, असे स्वतःला बजावत त्यांनी संतापाने कडी वाजवली. आत शरयू हसत होती. असे हसणे त्यांनी लग्नानंतर ऐकले नव्हते.

“अहो, कोणी आलं वाटते,” ती आत कुणाला तरी म्हणाली. “पाहू का?”

“बस गं तू,” लक्ष्मीकांतरावांचाच आवाज आतून आला. “उद्या या म्हणावं.”