वजनकाट्याच्या पुढे

अर्ज हातात धरून आदिनाथ चौथीच्या वर्गाच्या दारात उभा होता. मुलीचं, राजनंदिनीचं, नाव पटावरून कमी करावं, एवढंच त्यात होतं. अक्षर हेडगुरुजींचं, खाली अंगठा आदिनाथचा. आता वर्गाच्या बाईंची सही तेवढी राहिली होती.

"तास संपला की बघते," पंचशीला बाई म्हणाल्या. "तोवर बसा."

बाई वाद घालतील म्हणून आदिनाथ वाटेनं उत्तरं जुळवत आला होता. नुसतं बसा म्हटल्यावर माणसानं काय करावं? तो उंबऱ्यावर टेकला.

दिवाळी झाल्यावर पोर आईबापासोबत ऊसतोडीला गेली होती, धाकट्या भावाला सांभाळायला. चैत्रात परत आली तोवर वर्ग फार पुढे निघून गेला होता. तीन आठवडे ती भिंतीला खेटून बसायची, पुस्तकाचं पान उलटायची नाही. परवा चुलीपाशी म्हणाली, "मला वाचाय येईना. समदे हसतेत. मला न्हाई जायचं." आदिनाथला ते फार लागलं. रात्रभर विचार करून त्याला सुचलं ते एवढंच, की नाव काढून टाकावं.

वर्गात टीव्ही होता. गावातल्या एका पुढाऱ्यानं निवडणुकीच्या तोंडावर दिलेला. त्याच्या नावाची पाटी टीव्हीपेक्षा थोडीच लहान होती. बाईंनी तो लावला आणि सगळ्यात आधी त्याचा आवाज बंद केला. पडद्यावर उसाचा फड आला, फडात कोयता उगारलेला एक माणूस आला. बाईंनी चित्र तिथंच थांबवलं.

"आज टीव्ही मुका आहे. बोलायचं आपण. राजनंदिनी, काय करतोय गं हा?"

सगळ्या माना भिंतीकडे वळल्या. बाईंनी दुसऱ्या कुणाला विचारलं नाही, तिला पुन्हा विचारलं नाही, खडूची भुकटी झाडत नुसत्या उभ्या राहिल्या. पडद्यावरचा माणूसही कोयता उगारून तसाच ताटकळला. आदिनाथला वाटलं, उठावं आणि पोरीला घेऊन जावं.

"त्याला तोडता येत न्हाई," राजनंदिनी म्हणाली.

"का बरं?"

"लई वरून तोडायलाय. बुडख्यात गोडी असती. ती तर त्यानं रानातच ठिवली."

कुणी हसलं नाही. पुढच्या रांगेतल्या पप्पूनं विचारलं, मग कुठून तोडायचा? ती उठली, वाकली आणि फरशीला हात टेकवून दाखवलं. मग बाई चित्र थोडं पुढे न्यायच्या, थांबवायच्या, आणि पोर सांगायची. पाला कसा साळून काढायचा. मोळी कशानं बांधायची. मोळी डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर कसं चढायचं, आणि मधी कुठं थांबायचं नसतं.

"फळी वल्ली आसली तर अनवाणी चढतेत, ते सांग," आदिनाथ दारातून बोलून गेला, आणि मग आपण शाळेत बोललो म्हणून ओशाळला.

पडद्यावरचा ट्रक कारखान्यापाशी आला, वजनकाट्यावर चढला. राजनंदिनी थांबली.

"पुढे?"

"म्होरलं मला न्हाई ठावं. गाडी काट्यावर जाती. आमी फडातच ऱ्हातो."

बाईंनी दाराकडे पाहिलं. "तुम्ही सांगा मग."

पंधरा हंगाम आदिनाथनं ऊस तोडला होता. ट्रक भरून दिला की पुढचा फड. त्या फाटकाच्या आत उसाचं काय होतं, हे त्याला कुणी दाखवलं नव्हतं आणि त्यानंही कधी विचारलं नव्हतं. त्याला लाज वाटली.

"मलाबी न्हाई ठावं," तो म्हणाला.

"मग बघू या सगळे," बाई म्हणाल्या. आवाज मात्र त्यांनी अजून लावला नाही.

पडद्यावर लोखंडी रूळ फिरू लागले. त्याखाली मोठ्या अक्षरांत एक ओळ आली. आदिनाथ चपला दारात काढून आत आला आणि मुलीच्या शेजारी उभा राहिला.

"नंदे, खाली काय लिव्हलंय?"

बाईंनी चित्र थांबवलं. राजनंदिनीनं ओळीकडे पाहिलं, मग बापाकडे. त्याला वाचता येत नव्हतं. तिचं चुकलं तरी तो हसणार नव्हता.

"रु... रुळांत ऊस पि... पिळला जातो."

"मंग?"

बाईंनी पुढची ओळ आणली आणि थांबवली.

"रस गा... गाळून मोठ्या..." ती अडली. पप्पू शब्द सांगायला अर्धा उठला होता. बाईंनी त्याला नजरेनंच खाली बसवलं. वर्ग वाट बघत राहिला, आदिनाथही. "भां... भांड्यांत उकळ... उकळतात."

घंटा झाली. पोरं जागची हलली नाहीत. हेडगुरुजी पिशवी काखेत मारून दारात आले.

"झाली का सही, आदिनाथ? आण तो अर्ज, मला माजलगावला निघायचंय."

पडद्यावर पुढची ओळ आली होती. राजनंदिनीचे ओठ हलायला लागले होते. आदिनाथच्या मुठीत अर्ज कधीचा चुरगळला होता. त्यानं मागे वळूनही पाहिलं नाही.

"थांबा की गुरुजी," तो म्हणाला. "रस कुठं उकळलाय आजून."