फिकट पट्टी

पट्टी आजही फिकटच निघाली. ठकीच्या आईने ती डबीवरच्या रंगांशी ताडून पाहिली, खिडकीशी नेऊन पुन्हा पाहिली आणि मटकन खाली बसली. लघवीत बुडवल्यावर ही पट्टी वांग्याच्या सालीसारखी गडद व्हायला हवी. तशी झाली तर समजायचं, पोरीचं अंग साखर सोडून चरबी जाळतंय आणि फिटचे झटके आटोक्यात येण्याची आशा आहे. चार औषधांनी हात टेकल्यावर डॉक्टरांनी हा एकच मार्ग दाखवला होता. लोणी, साय, अंडी, सगळं काट्यावर ग्रॅमने तोलून द्यायचं. साखरेचा कणसुद्धा पोटात जाता कामा नये.

पहिल्या महिन्यात नवलच घडलं. दिवसाला वीस झटके यायचे, ते दोनवर आले. सहा वर्षांची ठकी झटक्यात पडून लागू नये म्हणून घातलेलं हेल्मेट काढून घरभर एकटी हिंडू लागली. तिचा बाप कोपऱ्यावरच्या बेकरीत केक सजवायचा आणि एप्रन न काढताच घरी यायचा. तो एप्रन काढून न्हाणीघरातल्या बादलीत टाकायचं काम ठकीने हट्टाने मागून घेतलं. नाड्या सोडणारे ते चिमुकले हात पाठीला लागले की त्याचा सगळा शीण उतरायचा.

मग तीन आठवड्यांपूर्वी कुठेतरी बिनसलं. काल तर अकरा झटके आले. डॉक्टरीणबाईंनी आडपडदा ठेवला नाही. म्हणाल्या, "कोणीतरी तिला गोड देतंय. आठवडाभर बघू, नाहीतर हा आहार बंद. माझ्याकडे तरी याच्यापुढे द्यायला काही नाही."

घरात माणसं मोजून चार. ठकीच्या आईचा संशय सासूवर गेला. लोण्याचा गोळा गिळताना नातीचं तोंड कसनुसं व्हायचं, तेव्हा पदराने डोळे पुसायची ती आजीच.

त्या संध्याकाळी बाप घरात शिरला तोच धुमसत. ठकीने एप्रन सोडवून नेला, तशी त्याने आजीला गाठलं.

"आई, ज्याच्या हातून हे होतंय ना, त्याला मी जन्मात माफ करणार नाही. खरं काय ते सांग."

आजी तोंड उघडणार, एवढ्यात तिची नजर न्हाणीघराच्या अर्धवट उघड्या दारातून आत गेली. तिचा चेहरा खर्रकन उतरला. त्याने तो पाहिला आणि काय समजायचं ते समजला.

"मीच देत होते," आजी म्हणाली.

"तू तिच्या जिवावर उठलीस, आई! उद्याच्या उद्या ताईकडे जा."

सकाळी पिशवी भरून झाल्यावर आजी एवढंच म्हणाली, "सुईत दोरा ओवून दे रे. मला दिसत नाही." हाताला लागला तो काळा दोरा त्याने ओवला आणि तिच्याकडे न बघता सुई पुढे केली. वाळलेल्या कपड्यांच्या ढिगाशी बसून ती बराच वेळ काहीतरी शिवत होती. दुपारच्या बसने ती गेली. ठकी दारात उभी राहून हमसाहमशी रडली.

बायको नोकरीवर जायची, म्हणून पोरीजवळ थांबायला त्याने दोन दिवस रजा काढली. तिसऱ्या दिवशी सकाळी पट्टी गडद निघाली. बायकोला हसावं की रडावं कळेना. "अहो, बघा तरी! आईंना पाठवलं तेच बरं झालं." त्यालाही अगदी तसंच वाटलं.

त्या दिवशी बायको घरी थांबली आणि तो कामावर गेला. बेकरीत तीन मजली केक त्याची वाट बघत होता. वर लावायचे साखरेचे मोती टेबलावरून घरंगळतात, म्हणून तो ते एप्रनच्या खिशात भरून ठेवायचा आणि तिथून एकेक काढून लावायचा. संध्याकाळी उरलेसुरले मोती खिशातच राहायचे. आजही त्याने मूठभर मोती घेतले आणि हात खिशाकडे नेला. हात आत जाईना. खिशाचं तोंड काळ्या दोऱ्याने शिवून टाकलं होतं, वाकड्यातिकड्या, दुहेरी टाक्यांनी. टाक्यांखाली खिशाची कड बारीक दातांनी चघळून चघळून विरली होती.

मोती फरशीवर सांडले. तसाच तो फोनपाशी गेला आणि ताईच्या घरचा नंबर फिरवला. फोन आजीनेच उचलला.

"पट्टी कशी निघाली रे?" तिने आधी हेच विचारलं.

"गडद," तो म्हणाला. "आई, तुला दिसलं होतं. मग तू दिलंस असं का म्हणालीस?"

"ज्याच्या हातून होतंय, त्याला तू जन्मात माफ करणार नव्हतास ना," आजी म्हणाली. "म्हणून म्हटलं, ते माझ्याच हातून होऊ दे."