स्वराचं शेपूट

टेबलावर चोवीस हूक होते, तेवीस नट, एक कातडं, पाच तारा, बँजोचा गोल लाकडी घेर, त्याचा दांडा आणि दोन पितळी कडी. घेराच्या काठावर बसून आजवर कातडं पेलत आलेलं जुनं कडं पेन्सिलीएवढं बारीक. नवं दीड किलोचं. चोविसावा नट वडिलांच्या शर्टाच्या खिशात होता. तो मिळाल्याशिवाय मुलीला बँजो पुरा जोडता येणार नव्हता, आणि म्हणूनच तो तिथे होता.

"आधी घेर उतरव," ते म्हणाले. "मग नट."

तिने घेर उजेडात धरला. लाकडाच्या तीन पट्ट्या वाफेवर वाकवून एकीवर एक चिकटवलेल्या. वडिलांच्या जन्माआधीचं काम. नवं कडं बसवायचं तर लेथवर काठ तीन मिलिमीटर उतरवावा लागणार होता.

"उतरवलेलं परत चढवता येत नाही, बाबा."

ते तिच्या ओठांकडे बघत होते. "मला शिकवतेस?"

"तुम्हीच शिकवलंय."

"मग आता विसर. शेपूट गेलंय त्याचं. तार छेडतो आणि नुसतं टक्. जड कडं घातल्याशिवाय परत यायचं नाही ते."

शेपूट म्हणजे तार छेडल्यावर मागे उरणारा, विरत जाणारा आवाज. या घराबाहेर हा शब्द कोणी वापरत नसे. ती लहान असताना दोघं हात वर करून ऐकत बसायची. शेपूट संपलं की हात खाली. तिचा हात नेहमी आधी पडायचा, आणि वडील डोळे न उघडता म्हणायचे, "अजून आहे."

आई चहा घेऊन आली आणि सवयीने दोन पट्ट्या वर बोलली. "लाकडाच्या कसले मागे लागलात? डॉक्टरांनी सांगितलंय ना, कानातलं इवलंसं हाड आखडलंय म्हणून?"

"माझे कान ठीक आहेत."

"हो तर. समोरच्या घरातले लोक आपल्याच टीव्हीवर बातम्या ऐकतात." तिने कप ठेवले. "आणि त्यांनी तपासताना तो वाजणारा काटा कानामागे टेकवला, तेव्हा कसे हसलात हो? म्हणे, इथे छान येतंय."

मुलीने आईकडे पाहिलं. मग जुनं कडं घेरावर बसवलं, कातडं चढवलं, तेवीस नट आवळले. दांडा घातला, तारा लावल्या. कामचलाऊ सुरात आणून तिने बँजो मांडीवर घेतला आणि जाड तार छेडली. दोघांचे हात वर गेले.

वडिलांचा लगेच खाली आला.

तिचा वरच होता. तिच्या ओठांवर दोन शब्द आले; तिने ते गिळले. शेपूट संपेपर्यंत वडील तिच्या वर राहिलेल्या हाताकडे बघत होते.

"तुला येत होतं?"

तिने मान डोलावली.

"कसं आहे?"

"होतं तसंच."

त्यांनी चहावरची साय बोटाने बाजूला सारली. "मग उतरव," ते हळूच म्हणाले. "म्हणजे मलाही येईल."

मुलगी उठली. त्यांच्या खुर्चीमागे जाऊन तिने बँजो उभा धरला आणि घेराची कड त्यांच्या कानामागच्या हाडावर टेकवली.

"हे काय चाललंय?"

"धरा. घट्ट."

त्यांनी कुरकुरत, झोपलेलं मूल खांद्याशी धरावं तसा बँजो एका हाताने धरला. तिने फोनवरचं स्टॉपवॉच डाव्या अंगठ्याखाली घेतलं आणि तीच तार पुन्हा छेडली.

दोन हात वर गेले.

वडिलांची कुरकुर थांबली. कप उचलायला वाकलेली आई तशीच राहिली. आवाज बारीक होत गेला, आणखी बारीक, मग रस्त्यावरच्या सायकलची घंटा तेवढी ऐकू आली. मुलीचा हात खाली आला.

वडिलांचा वरच होता. डोळे मिटलेले.

"अजून आहे," ते म्हणाले.

मग तोही हात आला, सावकाश. खाली न येता खिशाकडे वळला आणि चोविसावा नट टेबलावर ठेवून गेला. बँजो त्यांनी कानामागून काढला नाही.

"पुन्हा छेड," ते म्हणाले.

मुलीने आधी स्टॉपवॉच पाहिलं. तिचा हात: तीन पूर्णांक दोन सेकंद. वडिलांचा: चार पूर्णांक सहा.