लेथवरची खाच

बापाने वाटणीत लोखंडात खाचा पाडणारं मिलिंग मशीन थोरल्याला दिलं आणि धाकट्याच्या गळ्यात नुसतं गोल कातणारा जुना लेथ मारला. लुळा पडल्यावर मात्र बाप राहिला धाकट्याकडेच. तरी पलंगावरून टोमणे चालूच: "लेथवर मिलिंग? त्यापेक्षा रेड्याचं दूध काढ!"

आज धाकटा इरेला पेटला. त्याने लेथच्या चकमध्ये, म्हणजे फिरत्या जबड्यात, कटर पकडला, समोर लोखंडी ठोकळा आवळला आणि हँडल फिरवत खाच पाडायला घेतली. कीस भुरुभुरु पडला. ठोकळा मागे घेऊन पाहतो तर साधा ओरखडाही नाही.

त्याने पुन्हा कट घेतला. पुन्हा घेतला. कीस घोट्यापर्यंत साचला, ठोकळा जसाच्या तसा.

"अहो!" शेजारच्या खोलीतून बायको किंचाळली. "मामंजींच्या मानेखालची पलंगाची लोखंडी पट्टी कापली जातेय, खालून वर! या ना, मला एकटीला उचलवत नाहीत!"

पाठोपाठ म्हाताऱ्याचा कापरा आवाज आला. "बंद कर रे, बाळा. फार छान करतोस तू."

धाकट्याचा हात लेथ बंद करायच्या बटणापर्यंत गेला. ही शाबासकी ऐकायला त्याने अर्धा जन्म घालवला होता.

मग तो हात हँडलवर परतला, आणि त्याने सावकाश आणखी अर्धा फेरा दिला.