अडलेली शेळी

आटपाडीच्या कुमुदिनी लिगाडे चहा गाळत होत्या, तेवढ्यात मंगळावरून लेकीचा निरोप आला. पडद्यावर मृदुला घामाघूम दिसत होती. तिच्यामागे तिथल्या वस्तीतली पहिली गाभण शेळी आडवी पडली होती.

“आई, शेळी अडलीय गं. एकच पाय बाहेर आलाय, डोकं दिसत नाही. थांबू की हात घालू? लवकर सांग!”

जनावरांच्या डॉक्टरकीत हयात गेलेल्या कुमुदिनीबाई ताडकन बोलल्या, “थांबतेस काय? घाल हात!” निरोप पाठवायला बोट टेकवणार, इतक्यात त्यांची नजर पडद्याच्या कोपऱ्यातल्या, निरोप मंगळावरून निघाल्याच्या वेळेकडे गेली. लेकीचे शब्द तिकडून निघाले तेव्हा इकडे चहाचं आधणही ठेवलेलं नव्हतं. उत्तर पोचायला पुन्हा तेवढाच वेळ लागणार. तोवर मृदुलानं काय ते करून टाकलेलं असणार, नाहीतर ती आईची वाट बघत बसलेली असणार. बसली असेल, तर करडू हातचं गेलेलं असणार, आणि आईचे हे शब्द तिला जन्मभर ऐकू येत राहणार.

त्यांनी तो निरोप पुसून टाकला. मग जराही घाई न करता, आवाज सांभाळत, दुसरा निरोप पाठवला.

“बाळा, तू जे केलंस, तेच मीही केलं असतं. आता तिला गुळाचं कोमट पाणी पाज.”

करडू जगलेलं असो वा नसो, शेळीला तहान लागलेली असणारच होती.