नाडीचा वळ

"परकराची नाडी सैल बांधा. खरं तर साडी नकोच, गाऊन घाला," डॉक्टरीणबाईंनी बजावलं. कमरेवर नाडी काचते तिथली न भरणारी जखम कातडीचा कॅन्सर निघाली होती. सुरुवातीचाच आहे, तेवढा भाग काढला की बऱ्या व्हाल, असंही त्या म्हणाल्या.

घरी येऊन मी बहिणीने दिलेला गाऊन अंगाला लावून आरशात पाहिलं. बावीस वर्षांत या घरात साडीशिवाय दुसरं काही घातलं नव्हतं. बाहेर सोप्यात सासरे बसलेले. माझी मलाच चीड आली. कॅन्सर झालाय, आणि मी भितेय कुणाला? तरी गाऊन घडी करून ठेवला, परकर चढवला आणि सवयीने नाडी खेचली. कळ मस्तकात गेली.

तेवढ्यात आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, आत आल्या. नाडी घट्ट आवळायला त्यांनीच शिकवलं होतं. आता गाऊनवरून बोलणी बसणार, या तयारीने मी उभी राहिले. त्यांनी दाराला कडी घातली.

"दाखव."

जखमेकडे त्या बराच वेळ बघत राहिल्या. मग त्यांनी स्वतःची नाडी सोडली. कमरेभोवती काळाकुट्ट वळ, आणि त्यात तशीच ओली जखम.

"कधीपासून?" मी विचारलं.

"झाली की चार वर्षं."

"उद्या माझ्याबरोबर चला, आत्याबाई."

"दवाखान्यात कंबर उघडी करू? या वयात?" त्यांनी नाडी पहिल्याइतकीच करकचून बांधली, पदर सारखा केला आणि कडी काढली. "तूही आवर लवकर. ह्यांच्या चहाची वेळ झाली."