एकशेवीस वॅट

वायरमनकाकांनी एक्स्टेन्शन बोर्डाला हाताची मागची बाजू लावली आणि लगेच काढली.

"ताप आलाय याला," ते म्हणाले. मेन स्विच बंद करून त्यांनी बोर्ड उलटा केला. एका भोकाभोवतीचं पांढरं प्लॅस्टिक तपकिरी होऊन ओघळलं होतं.

"म्हणत नव्हते मी?" कडेवरचं बाळ सावरत आई मुलीला म्हणाली. "सकाळपासून जळका वास येतोय. घरात तान्हं मूल, आणि सरड्याला दिवसा दिवा, रात्री गरम गादी. थाट बघा."

टेबलावर बुटांचं खोकं होतं. झाकणाला पेन्सिलीनं भोकं पाडून झाली होती. थोड्या वेळात प्राण्यांच्या दुकानातला माणूस सरड्याला, सुस्तोबाला, कायमचा घेऊन जाणार होता. सुस्तोबा काचेच्या पेटीत, विझलेल्या दिव्याखाली, मान वर करून बसला होता.

"याचं काय काय लागतं?" काकांनी मुलीला विचारलं.

"दिवा शंभर वॅट. गादी वीस." पाढा म्हणावा तसं तिनं सांगितलं.

काकांनी तिसरी वायर हातात धरली आणि तिच्यामागून चालत गेले. ती पडद्यामागून पाळण्याशी गेली होती. तिथं हीटर होता.

"आणि हा?"

"तो बाळासाठी," आई म्हणाली. "त्याची पिन जाड, बोर्डात बसेना. म्हणून मी मधे लावायचा जोड आणला."

"दोन हजार वॅट, ताई. पिन बसेना, तेव्हा बोर्ड नाहीच म्हणत होता."

"पण सरड्याचे दिवे..."

"सरड्याची धाव कुंपणापर्यंत. बोर्ड जाळायची त्याची ऐपत नाही." काकांनी पकड काढली. "हीटरला वेगळी लाइन ओढतो, सोळा अँपिअरची. याचा दिवा आणि गादी त्या भिंतीवर लावू. तासभर मेन बंद राहील."

पाच दुकानं पालथी घालून, सगळ्यात सुरक्षित म्हणून आईनं तो हीटर निवडला होता. बाळाला दोन दुलयांत गुंडाळून तिनं पाळण्यात ठेवलं.

खोली गार पडत गेली. मुलीनं सुस्तोबाला बाहेर काढून ओंजळीत घेतलं. ती त्याच्यावर तोंडाची वाफ सोडत होती. त्याची बोटं हलायची थांबली होती.

"तुझेच हात बर्फ झालेत," आई म्हणाली. मान दुसरीकडे वळवून तिनं हात पुढे केला. "दे इकडे."

"तू घाबरतेस ना त्याला?"

"घाबरते. दे."

शालीच्या आत, बाळाला घेते तिथं, तिनं त्याला श्वास रोखून धरलं. बारीक नख्या स्वेटरात रुतल्या. बऱ्याच वेळानं त्याचा एक डोळा मिटला, मग दुसरा. तेव्हा कुठं तिनं श्वास सोडला.

दारावर थाप पडली. दुकानातला माणूस होता.

"न्यायला आलोय," तो म्हणाला. "कुठाय?"

आईनं ओठांवर बोट ठेवलं.

"हळू," ती म्हणाली. "आत्ताच झोपलाय."